औषधाला दाद न देणारे जिवाणू

पावसाळा उतरणीला लागला, की नाशिकमधील दवाखान्यांपुढची गर्दी वाढते. घशाची खवखव, ताप, जुलाब अशा तक्रारी घेऊन आलेल्या माणसांच्या बोलण्यात एक वाक्य हमखास कानी पडते: ‘मागच्या वेळी त्या गोळीने तीन दिवसांत उतार पडला होता, आता ती लागूच पडत नाही. अंगाला सवय झाली तिची.’

विद्यार्थी मित्रहो, हे वाक्य तुम्हीही ऐकले असेल. ते तपासून पाहण्यासारखे आहे. सर्दी-पडसे आणि बहुतेक घसादुखी विषाणूंमुळे होते. प्रतिजैविके, म्हणजे ज्यांना आपण रोजच्या बोलण्यात अँटिबायोटिक म्हणतो ती औषधे, विषाणूंवर मुळीच चालत नाहीत. तेव्हा मागच्या वेळी गोळीने उतार पडला की दुखणे आपोआपच ओसरले, ही पहिली शंका. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. प्रतिजैविकाचा मारा असतो तो जिवाणूंवर. ते लागू पडेनासे होते, तेव्हा बदल झालेला असतो जिवाणूंमध्ये. रोग्याच्या अंगाला कसलीही सवय झालेली नसते.

हा केवळ शब्दांचा खेळ नव्हे. सवय रोग्याच्या अंगाला होत असती, तर तो प्रश्न त्या रोग्यापुरता राहिला असता. पण बदललेले जिवाणू एकाकडून दुसऱ्याकडे जातात. त्यामुळे आयुष्यात प्रतिजैविकाची एकही गोळी न घेतलेले मूलसुद्धा, शेजारच्या खाटेवरून आलेल्या जिवाणूंमुळे अशा दुखण्याने आजारी पडू शकते, की ज्यावर नेहमीची औषधे चालत नाहीत. २०१९ या एका वर्षात जगभर सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यू थेट अशा औषधरोधी जिवाणूंमुळे झाले, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. हे जिवाणू येतात कोठून, रुग्णालयात ते का बळावतात आणि त्यांना आवर कसा घालतात, ते या लेखात पाहू.

पेनिसिलिनपासून पिंपरीपर्यंत

१९२८ साली लंडनमध्ये अलेक्झांडर फ्लेमिंग यांना एका बुरशीभोवती जिवाणू मरून गेलेले दिसले, ही गोष्ट तुम्ही पाठ्यपुस्तकात वाचली आहे. त्या बुरशीतील द्रव्य वेगळे काढून रोग्याला देता येईल अशा स्थितीत आणण्याचे काम ऑक्सफर्डमध्ये फ्लोरी, चेन व त्यांचे सहकारी यांनी केले. फेब्रुवारी १९४१ मध्ये ते एका पोलीस शिपायाला टोचण्यात आले. तो सुधारू लागला, पण औषधाचा साठा संपला. त्याच्या लघवीतून बाहेर पडलेले पेनिसिलिन पुन्हा वेगळे काढून त्यालाच देण्यात आले; तेही पुरले नाही आणि शेवटी तो दगावला. त्या काळी औषध किती दुर्मिळ होते, हे यावरून ध्यानात येईल.

पुढे कारखाने उभे राहिले. नाशिकहून पुण्याकडे जाणारा रस्ता मुंबई–पुणे रस्त्याला जेथे मिळतो, त्या जागेला ‘नाशिक फाटा’ म्हणतात. तेथून जवळच पिंपरी आहे. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने १९५४ साली येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला आणि १९५५ पासून तेथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. न्यूमोनिया, विषारी जखमा, बाळंतरोग यांनी घरेच्या घरे दुःखात बुडत असत. त्यांवर हाती इलाज आला.

पण धोक्याची सूचना फार आधीच मिळाली होती. १९४५ साली नोबेल पारितोषिक स्वीकारताना केलेल्या भाषणात फ्लेमिंग यांनी एका काल्पनिक गृहस्थाची हकिगत सांगितली. घसा दुखतो म्हणून तो आपल्याच मनाने पेनिसिलिन घेतो, पण अपुरे. त्याच्या घशातील जिवाणू मरत नाहीत. उलट औषधाला दाद न देणारे तेवढे उरतात. तेच जिवाणू त्याच्या पत्नीला लागतात, तिला न्यूमोनिया होतो, पेनिसिलिन चालत नाही आणि ती मरण पावते. म्हणजे चूक एकाची आणि शिक्षा दुसऱ्याला, हे औषध शोधणाऱ्याने तेव्हाच सांगून ठेवले होते.

सवय नव्हे, निवड

आता मूळ प्रश्नाकडे वळू. औषधरोधी जिवाणू निर्माण कसे होतात?

आपल्या आतड्यातील ई. कोलाय हा जिवाणू अनुकूल परिस्थितीत साधारण वीस मिनिटांत एकाचा दोन होतो. तासाला तीन वेळा दुप्पट, म्हणजे दहा तासांत तीस वेळा. दोनाचा तिसावा घात काढा: उत्तर १०७ कोटींहून अधिक येईल. दर वेळी पेशी दुभंगताना तिच्यातील डी.एन.ए.ची नक्कल केली जाते. पोथी उतरवून घेताना लेखनिकाच्या हातून एखादे अक्षर चुकावे, तशी या नकलेतही क्वचित चूक होते. यालाच उत्परिवर्तन म्हणतात. बहुतेक चुका निरुपयोगी किंवा अपायकारक असतात. पण कोट्यवधी पेशींमध्ये एखादीत अशी चूक होते, की ती पेशी एखाद्या औषधाच्या तडाख्यातून वाचू शकते.

ही चूक औषध आल्यावर होते की आधीच झालेली असते? १९५२ साली अमेरिकेत जोशुआ व एस्थर लेडरबर्ग या दांपत्याने याचा उलगडा एका साध्या युक्तीने केला. औषध नसलेल्या बशीत त्यांनी जिवाणू वाढवले. मग गोल ठोकळ्यावर मखमलीचे कापड ताणून ते बशीवर अलगद टेकवले आणि त्याचा ठसा औषध घातलेल्या दुसऱ्या बशीवर उमटवला. दुसऱ्या बशीत मोजक्याच ठिकाणी जिवाणू वाढले. पहिल्या बशीत नेमक्या त्याच ठिकाणचे जिवाणू उचलून तपासले, तेव्हा त्यांच्यातही औषधरोधी जिवाणू आढळले. या जिवाणूंनी औषध पाहिलेसुद्धा नव्हते!

तात्पर्य, औषध जिवाणूला काही शिकवत नाही. ते निवड करते. जे टिकू शकत नाहीत ते मरतात आणि आधीपासूनच वेगळे असलेले मोजके मोकळ्या झालेल्या रानात वाढतात. कॅनडातील युकॉन भागात सुमारे तीस हजार वर्षे गोठून राहिलेल्या मातीतही प्रतिजैविकांना रोखणारी जनुके आढळली आहेत. बुरशी आणि जिवाणू यांचे हे युद्ध माणसाहून कितीतरी जुने आहे. आपण त्यात उशिरा उतरलो आहोत.

करून पाहा: हरभरे आणि राजमा

एका वाडग्यात ६४ हरभरे व राजम्याचा एक दाणा घ्या. हरभरे म्हणजे औषधाने मरणारे जिवाणू, राजमा म्हणजे औषधरोधी जिवाणू. प्रत्येक फेरीत दोन गोष्टी करा. पहिली, औषधाचा मारा: वाडग्यातील तीन-चतुर्थांश हरभरे काढून टाका, राजम्याला हात लावू नका. दुसरी, वाढ: उरलेला प्रत्येक दाणा दुप्पट करा.

पहिल्या फेरीनंतर ३२ हरभरे व २ राजमे होतील. दुसऱ्या फेरीनंतर १६ आणि ४. तिसरीनंतर ८ आणि ८. चौथीनंतर हरभरे ४ आणि राजमे १६! सुरुवातीला पासष्टात एक असलेला राजमा आता वीसात सोळा झाला. एकही हरभरा राजमा झालेला नाही, हे मात्र नीट लक्षात घ्या.

आता याच वाडग्यातील चिमूटभर दाणे शेजारच्या रिकाम्या वाडग्यात टाका. या नव्या वाडग्यात औषध कधी पडलेच नाही, तरी तेथे राजम्याचीच बहुसंख्या असेल. शेजारच्या खाटेवरच्या मुलाचे असेच होते. शेवटी हाच खेळ औषधाचा मारा न करता खेळा: कितीही फेऱ्या झाल्या तरी ६४ ला १ हे प्रमाण बदलत नाही.

दोन औषधे एकदम का देतात?

क्षयरोगावर एकाच वेळी तीन-चार औषधे का देतात, याचे उत्तर या हिशेबातच आहे. आयसोनायझिड या औषधाला न जुमानणारा क्षयजंतू साधारण दहा लाखांत एक असतो. रिफॅम्पिसिनला न जुमानणारा दहा कोटींत एक. दोन्हींना एकाच वेळी पुरून उरणारा जंतू हवा असेल, तर या दोन संख्यांचा गुणाकार करावा लागेल: एकावर चौदा शून्ये! रोग्याच्या फुप्फुसात एवढे जंतूच नसतात. म्हणून औषधांची जोडी प्रभावी ठरते. पण रोग्याने मधूनच एखादे औषध सोडले, तर हा गुणाकार मोडतो आणि एकेका औषधाला तोंड देणारे जंतू पुढे सरकतात. नेहमीच्या क्षयावरील उपचार सहा महिने न चुकता घ्यायला सांगतात, ते उगीच नव्हे. २०१२ च्या सुमारास मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉक्टरांनी तेव्हा तपासता आलेल्या सर्वच औषधांना न जुमानणाऱ्या क्षयाचे चार रोगी नोंदवले, तेव्हा साऱ्या जगाचे लक्ष तिकडे वेधले गेले.

जिवाणूंच्या चार युक्त्या

औषधातून वाचण्याचे जिवाणूंचे मार्ग मुख्यतः चार आहेत.

पहिला, औषधच मोडून टाकणे. पेनिसिलिन जिवाणूच्या पेशीभित्तीचे बांधकाम थांबवते. काही जिवाणू पेनिसिलिनेज नावाचे एंझाइम तयार करून पेनिसिलिनच्या रेणूतील मोक्याची कडी तोडतात. गंमत अशी, की या एंझाइमाचा शोध १९४० सालीच लागला होता. तो पोलीस शिपाई पेनिसिलिनचे पहिले इंजेक्शन घेण्यापूर्वीच! दुसरा मार्ग म्हणजे कुलूप बदलणे. औषध किल्लीसारखे एखाद्या प्रथिनात बसते; त्या प्रथिनाचा आकार थोडा बदलला की किल्ली लागत नाही. तिसरा, दार लहान करणे: पेशीच्या आवरणातील छिद्रे कमी केली की औषध आत शिरत नाही. चौथा, उपसा करणे: विहिरीवरील मोटेप्रमाणे आत आलेले औषध बाहेर फेकणारे प्रथिनांचे पंप बसवणे. एकाच जिवाणूकडे यांतील दोन-तीन युक्त्याही असू शकतात.

शेजाऱ्याकडून उसनवारी

नकलेतील चूक हाच एकमेव मार्ग असता, तर काम संथपणे चालले असते. पण १९५० नंतरच्या दशकात जपानमधील डॉक्टरांना एक कोडे पडले. रक्ताच्या आवेचे जिवाणू एकदम चार-चार औषधांना दाद देईनासे झाले होते. चार वेगवेगळ्या चुका एकाच पेशीत एकदम होणे जवळजवळ अशक्य. १९५९ साली जपानी शास्त्रज्ञांनी दाखवून दिले, की हा गुण एका जिवाणूतून दुसऱ्या जिवाणूत, तेही दुसऱ्या जातीच्या जिवाणूत, सरळ जाऊ शकतो.

जिवाणूच्या मुख्य गुणसूत्राखेरीज पेशीत डी.एन.ए.ची लहान कडी असते. तिला प्लाझ्मिड म्हणतात. दोन जिवाणू एकमेकांना चिकटले, की प्लाझ्मिडाची नक्कल एकाकडून दुसऱ्याकडे जाते. वर्गात एकाच्या वहीतील उत्तर दुसऱ्याच्या वहीत उतरावे, तसेच हे. आतड्यात राहणारा निरुपद्रवी जिवाणूही अशी वही जवळ बाळगतो आणि एखाद्या दिवशी रोगकारक जिवाणूला ती उतरवून देतो.

रुग्णालयातच का?

रोग बरा करण्याच्या जागीच हे जिवाणू का बळावतात, असे तुम्हाला वाटेल. त्याची कारणे चार. तेथे पुष्कळ लोकांना प्रतिजैविके चालू असतात, म्हणजे निवड अखंड चालते. रोगी अशक्त असतात. सलाइनची सुई, लघवीची नळी, श्वासाची नळी, शस्त्रक्रियेची जखम यांमुळे जिवाणूंना शरीरात शिरायला वाटा मिळतात. आणि एकाच डॉक्टरांचे, एकाच परिचारिकेचे हात दिवसभर एका खाटेवरून दुसऱ्या खाटेकडे जात असतात.

हे किती वेगाने घडते, याची नोंद लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात मेरी बार्बर या जिवाणुशास्त्रज्ञ बाईंनी केली. जखमा पिकवणाऱ्या स्टॅफिलोकोकस जिवाणूंपैकी पेनिसिलिनला न जुमानणाऱ्यांचे प्रमाण १९४६ साली शेकडा १४ होते. १९४७ साली ते ३८ झाले आणि १९४८ साली ५९. तीन वर्षांत औषधाची धार निम्म्याहून कमी झाली.

आपल्या जवळचे उदाहरण मुंबईचे आहे. २००८ साली स्वीडनमधील एका रोग्याच्या लघवीत असा जिवाणू सापडला, की ज्याच्यावर कार्बापेनेम ही राखीव ठेवलेली प्रभावी औषधेही चालेनात. तो रोगी पूर्वी दिल्लीत उपचार घेऊन आला होता. म्हणून जिवाणूतील त्या एंझाइमाला शास्त्रज्ञांनी ‘न्यू डेल्ही मेटॅलो-बीटा-लॅक्टमेज’, थोडक्यात एन.डी.एम.-१, असे नाव दिले. शहराच्या नावावरून पुढे बराच वाद झाला. पण नावापेक्षा नोंद महत्त्वाची. हिंदुजा रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत ऑगस्ट ते नोव्हेंबर २००९ या काळात कार्बापेनेमला दाद न देणारे आतड्यातील गटाचे २४ जिवाणू-नमुने मिळाले. त्यांपैकी २२ मध्ये हे एंझाइम होते. रुग्णालयाच्या डॉक्टरांनी ही माहिती दडवून न ठेवता २०१० साली प्रसिद्ध केली. अशा जिवाणूंवर चालणारी जी मोजकी औषधे उरली, त्यांत कोलिस्टिन होते. मूत्रपिंडाला अपाय होतो म्हणून हे औषध पूर्वी मागे पडले होते!

येथे एक काळजी घ्या. २४ पैकी २२ याचा अर्थ, दर २४ रोग्यांपैकी २२ जणांना हा संसर्ग होता असा नाही. आधीच औषधरोधी ठरलेल्या २४ नमुन्यांचा हा हिशेब आहे. आकडा वाचताना ‘कशापैकी किती’ हे विचारायला विसरू नये.

उपाय पहिला: हात

फैलाव थांबवण्याचे सर्वांत स्वस्त साधन म्हणजे स्वच्छ हात. १८४७ साली व्हिएन्नातील डॉक्टर सेमेलवाइस यांनी शवविच्छेदन करून प्रसूतिविभागात येणाऱ्या डॉक्टरांना क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुणे भाग पाडले. १८४६ साली त्या विभागात शंभर बाळंतिणींपैकी अकरांहून अधिक दगावत होत्या. १८४८ साली हे प्रमाण शंभरात एकाच्या आसपास आले. तेव्हा जिवाणूंमुळे रोग होतात हेही सिद्ध झालेले नव्हते.

आज रुग्णालयात रोग्याला स्पर्श करण्यापूर्वी, निर्जंतुक काम करण्यापूर्वी, रक्त वा इतर स्राव लागण्याचा संभव असेल त्या कामानंतर, रोग्याला स्पर्श केल्यानंतर आणि त्याच्या खाटेभोवतीच्या वस्तूंना हात लावल्यानंतर, अशा पाच वेळी हात स्वच्छ करण्याचा जागतिक आरोग्य संघटनेचा दंडक आहे. अल्कोहोलयुक्त द्रवाने २० ते ३० सेकंद, किंवा साबण-पाण्याने ४० ते ६० सेकंद. हातमोजे घातले म्हणून हात धुणे चुकत नाही. मोजा बदलला नाही, तर तोच जिवाणू वाहून नेतो.

त्याबरोबर इतर कामेही आली. औषधरोधी जिवाणू असलेल्या रोग्याला वेगळे ठेवणे, उपकरणे वाफेच्या दाबाखाली १२१ अंश सेल्सिअसला निर्जंतुक करणे, आणि नळी गरजेपेक्षा एक दिवसही अधिक न ठेवणे.

उपाय दुसरा: प्रयोगशाळा

कोणते औषध चालेल, हे अंदाजाने ठरवण्याऐवजी जिवाणूलाच विचारता येते. रोग्याचे रक्त, लघवी किंवा पू यांतील जिवाणू वाढवून ते आगर असलेल्या बशीवर पसरतात. त्यावर वेगवेगळी औषधे शोषलेल्या कागदाच्या सहा मिलिमीटर व्यासाच्या चकत्या ठेवतात आणि बशी रात्रभर ३५ अंशांना ठेवतात. ज्या चकतीभोवती स्वच्छ वर्तुळ दिसते, तेथे जिवाणू वाढलेले नसतात. वर्तुळाचा व्यास मोजून तक्त्याशी ताडतात. चकतीच्या कडेपर्यंत जिवाणू वाढलेले असले, तर ते औषध निरुपयोगी.

या तपासणीला दोन-तीन दिवस लागतात. रोगी अत्यवस्थ असेल तर डॉक्टर थांबू शकत नाहीत; ते नमुना आधी घेतात, औषध सुरू करतात आणि निकाल आल्यावर औषध बदलतात किंवा थांबवतात. अशा निकालांचा वर्षभराचा तक्ता केला, की त्या रुग्णालयात कोणता जिवाणू कोणत्या औषधाला दाद देतो, हे एका कागदावर दिसते.

उपाय तिसरा: औषधांची राखण

मेरी बार्बर केवळ आकडे मोजून थांबल्या नाहीत. १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीस त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी हॅमरस्मिथमध्ये पेनिसिलिनचा सरसकट वापर आवरला आणि इतर प्रतिजैविके एकेकटी न देता जोडीने देण्याचा नियम केला. औषधरोधी स्टॅफिलोकोकस जिवाणूंचे प्रमाण उतरले, असे त्यांनी १९६० साली जाहीर केले. हे कसे घडले? औषधरोधी गुण सांभाळण्याची जिवाणूला बहुधा किंमत मोजावी लागते. चिलखत घालून धावणारा शिपाई लढाईत तगतो, पण शर्यतीत मागे पडतो. औषधाचा मारा थांबला की साधे जिवाणू पुन्हा पुढे येऊ शकतात. दर वेळी असे होतेच असे नाही; काही जिवाणू चिलखतासह धावायलाही शिकतात. म्हणून रोग पसरू न देणे आणि औषध जपून वापरणे, ही दोन्ही कामे एकदम करावी लागतात.

आता प्रतिजैविकांचे तीन गट करतात: सहज वापरायची, जपून वापरायची आणि अखेरच्या प्रसंगासाठी राखून ठेवायची. जागतिक आरोग्य संघटनेने अशी यादी २०१७ साली प्रथम केली. आपल्या देशात १ मार्च २०१४ पासून ‘एच-१’ या अनुसूचीतील औषधे विकताना दुकानदाराने डॉक्टरांचे व रोग्याचे नाव वेगळ्या वहीत नोंदवून ती वही तीन वर्षे ठेवावी, असा नियम लागू झाला.

शेतातून रुग्णालयात

नाशिक जिल्ह्याला हा प्रश्न आणखी एका बाजूने भिडतो. सटाणा, मालेगाव, देवळा या भागांत डाळिंबाच्या बागा आहेत. डाळिंबावरचा ‘तेल्या’ हा रोग जिवाणूंमुळे होतो. त्यावर स्ट्रेप्टोमायसिन व टेट्रासायक्लिन यांच्या मिश्रणाची फवारणी वर्षानुवर्षे होत आली. यांतील स्ट्रेप्टोमायसिन हेच औषध माणसाच्या क्षयावर वापरले गेले आहे. फवारलेले औषध पानावर थांबत नाही. ते मातीत आणि पाण्यात उतरते आणि तेथील जिवाणूंमध्येही हरभरे-राजम्याचा खेळ सुरू होतो. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारने शेतीतील हा वापर बंद करण्याच्या आदेशाचा मसुदा काढला. बाग वाचवायची म्हणून शेतकरी फवारतो, हे खरेच आहे; म्हणून रोगट फांद्या छाटणे, निरोगी रोपे लावणे, बाग स्वच्छ ठेवणे अशा दुसऱ्या वाटा त्याच्यापर्यंत पोहोचणे गरजेचे आहे.

तुम्ही काय कराल?

राज्यातील वैद्यकीय व परिचर्या महाविद्यालये ज्या विद्यापीठाला जोडलेली आहेत, ते महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ साली नाशिकलाच स्थापन झाले. तुमच्यापैकी काही जण उद्या त्याचे पदवीधर होतील. पण तोपर्यंत थांबण्याचे कारण नाही.

सुरगाण्याहून किंवा इगतपुरीहून नातेवाईक जिल्ह्याच्या रुग्णालयात भेटीला येतात, डबा आणतात, मायेने रोग्याच्या खाटेवर बसतात, शेजारच्या रोग्याचीही विचारपूस करून त्याच्या पाठीवरून हात फिरवतात. ही माया मोलाची आहे; फक्त त्याआधी आणि नंतर हात धुवावेत. हे घरातील मोठ्या माणसांना तुम्ही नम्रपणे सांगू शकता. ‘आजी, आधी हात धुऊ या का?’ एवढे पुरे. डॉक्टरांनी न सांगता प्रतिजैविक विकत घेऊ नये. सांगितले असेल, तर सांगितले तितकेच आणि तितकेच दिवस घ्यावे. कमी नको आणि जास्तही नको. उरलेली गोळी शेजाऱ्याला देऊ नये. आणि सर्दीसाठी डॉक्टरांनी प्रतिजैविक लिहून दिले नाही, तर ते कमी हुशार आहेत असे समजू नये.

जिवाणूंचा प्रयोग मात्र घरी किंवा शाळेत बशीत वाढवून करू नका. त्यात कोणते जंतू वाढतील ते सांगता येत नाही. त्याऐवजी हे करा. एका मुलाच्या तळहाताला दोन थेंब खोबरेल व चिमूटभर रांगोळीचा रंग लावा. त्याने दुसऱ्याशी, दुसऱ्याने तिसऱ्याशी असे हस्तांदोलन करत पाचव्यापर्यंत जा. रंग कितव्या हातापर्यंत पोहोचतो ते पाहा. मग एकाने नुसत्या पाण्याने, दुसऱ्याने साबणाने हात धुवून नखांच्या कडा व बोटांच्या बेचक्या तपासा.

पिंपरीच्या कारखान्यातून पेनिसिलिन बाहेर पडू लागले, त्याआधी जन्मलेली माणसे अजून आपल्यात आहेत. साध्या जखमेने माणूस जाई तो काळ त्यांनी पाहिला आहे. घरात कोणी असे असतील, तर त्यांना त्या दिवसांविषयी जरूर विचारा.

प्रश्न

१. ‘अंगाला औषधाची सवय झाली’ हे वाक्य चुकीचे का, ते लेडरबर्ग यांच्या प्रयोगाच्या आधारे लिहा.

२. हरभरे-राजम्याच्या खेळात पाचव्या व सहाव्या फेरीनंतर किती दाणे असतील? दोन्हींचा आलेख काढा.

३. प्रत्येक फेरीत राजम्याचेही अर्धे दाणे काढणारे दुसरे औषध जोडीला दिले, तर काय होईल?

४. एका प्रयोगशाळेत ४० औषधरोधी नमुन्यांपैकी ३० मध्ये एकच एंझाइम आढळले. ‘शेकडा ७५ रोग्यांना हा संसर्ग आहे’ असे म्हणता येईल का? कारण द्या.